चाळीस नंबरचा टॅग

आमच्या धंद्यात 'तात्पुरतं' या शब्दाइतका घाणेरडा शब्द दुसरा नाही. बावीस वर्षं मी नेटवर्कची कामं केली. आधी टेलिफोन कंपनीत, मग एका बँकेत, मग कंत्राटावर जिथं मिळतील तिथं. आणि जिथं जिथं मोठा घोटाळा निघाला तिथं मुळाशी एकच गोष्ट असायची: कुणीतरी, कधीतरी, 'आत्तापुरतं बंद ठेवतो, संध्याकाळी चालू करतो' असं म्हणून काहीतरी बंद केलेलं. यावरून मी हाताखालच्या लोकांना इतकं झापलंय की माझ्या माघारी ते मला 'तात्पुरतीबाई' म्हणायचे. म्हणू देत, मला काय.

आणि तीच मी, पद्मजा भूपाल मगदूम, वय सत्तेचाळीस. माझ्या सख्ख्या बापाच्या डोक्यातला फिल्टर मी एका दुपारी तात्पुरता बंद केला आणि आठ महिने चालू करायला विसरले.

विसरले हे खोटं आहे. धाडस झालं नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या स्टँडवर बत्तीस वर्षं माईकसमोर बसले. आवाज असा की फलाट दहावर झोपलेला माणूस टणकन उठून उभा राहायचा. घरातही त्याच आवाजात बोलायचे. भाजीत मीठ कमी असलं तरी शेजारच्या गल्लीला कळायचं. गेल्या वर्षी आषाढात सकाळी दाढी करताना कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे, पण नजर कुठं ठरत नव्हती. ऐकू येतंय का, समजतंय का, कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्या कुणाचे वडील असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मी नोकरीला होते मिरजेच्या मज्जासेतू केंद्रात.

मज्जासेतू हे काय प्रकरण आहे ते सरळ सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. झटक्यानंतर मेंदूत जे तंतू शाबूत उरतात त्यांचं एक जाळं असतं. त्यावर डॉक्टर केसाहून बारीक तारांचं दुसरं जाळं पसरतात, चार हजार ठिपक्यांचं. दोन्ही जाळी आपापल्या वाटा आपणच शोधतात. एक वाट तुटली की दुसरी धरतात. पण दोघांची पद्धत वेगळी, बोली वेगळी. म्हणून सांधे ठेवायचे, आणि इकडच्या वाटा तिकडं कळवायच्या. एकच सांधा ठेवला आणि तो बिघडला तर माणूस परत मुका. म्हणून दोन ठेवतात. एक डाव्या कानामागं, दुसरा कपाळावर, केस सुरू होतात तिथं.

आणि दोन सांधे आले की घोळ आला. इथं डॉक्टरांची अक्कल संपते आणि माझ्यासारखीची लागते.

हा घोळ मला कुठल्या कोर्समध्ये कळला नाही, आण्णांनी सांगितलेल्या एका गोष्टीतून कळला. एका महापुरात त्यांनी सकाळी शेजारच्या स्टँडला फोन करून कळवलं, निंबवाडीचा रस्ता माझ्याकडून चालू आहे. शेजारच्यानं ते तिसऱ्या स्टँडला कळवलं. दुपारी पूल बुडाला. आण्णा गाड्या थांबवणार, तेवढ्यात तिसऱ्या स्टँडचा फोन आला, निंबवाडीला रस्ता चालू आहे, आमच्याकडं पाठवा. आण्णांनी पाच गाड्या तिकडं लावून दिल्या. त्या तिसऱ्या स्टँडवरून दुसऱ्याकडं गेल्या, आणि दुसऱ्याकडून माणसांसकट परत आण्णांच्या फलाटावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचीच सकाळची बातमी फिरून त्यांना नवी म्हणून मिळाली होती! तेव्हापासून आण्णा बाहेर सांगायच्या प्रत्येक बातमीला स्वतःचा एक आकडा जोडायचे. तो आकडा लागलेली बातमी दुसरीकडून परत आली की फोन आपटायचे.

आम्ही त्याला टॅग म्हणतो. मज्जासेतूत टॅगचा आकडा असतो चाळीस.

तो कशाला लागतो? अडलेल्या माणसाला आपण शब्द सुचवतो की नाही, तसं सेतूचं यंत्र करतं. खोलीत कोण काय बोलतंय ते ऐकतं, आता या माणसाला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज कानामागच्या सांध्यातून मेंदूत सोडतं. नुसता धक्का द्यायला. अशा प्रत्येक अंदाजाला चाळीसचा टॅग लागतो. कपाळावरच्या सांध्यावर फिल्टर असतो: चाळीसचा टॅग असेल त्याला बाहेर सोडायचं नाही. कारण ते बाहेरूनच आलंय, माणसाचं नाही. टॅग नसेल ते माणसाचं स्वतःचं. तेवढंच स्पीकरला जातं.

आणखी एक नियम आहे. एकाच वेळी दोन वाटांनी शब्द आला तर स्वच्छ वाटेचा घ्यायचा. दुसरा खरखर म्हणून बाजूला टाकायचा.

एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

ऑपरेशननंतर दहा दिवस आण्णा गप्प होते. स्पीकर त्यांच्या उशाशी, त्यांच्याच जुन्या घोषणांच्या रेकॉर्डवरून बनवलेला त्यांचा आवाज त्यात तयार, आणि बाहेर एक अक्षर नाही. आई रोज येऊन बसायची, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जायची, सकाळी परत हजर. माझी आई कांचन. आयुष्यभर ज्या आवाजाला घाबरली तो आवाज यावा म्हणून दहा दिवस देवाला साकडं घालत होती.

अकराव्या दिवशी दुपारी माझा धीर सुटला. म्हटलं, फिल्टर फारच कडक लागलाय का बघू. पाच मिनिटं बंद करू, तात्पुरता.

बंद केला. चार मिनिटं गेली. आणि स्पीकरमधून आण्णांचा आवाज आला, "चहा घेतलास का?"

आई मटकन खाली बसली. मी लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले. डॉ. बारगीर, आमच्या केंद्राचे प्रमुख, एरवी हसायलाही महाग असलेला माणूस, त्यांनी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. फिल्टरचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. संध्याकाळी चालू करू म्हटलं. संध्याकाळी आण्णा आईशी बोलत होते. मध्येच कसं बंद करायचं?

नंतरचे आठ महिने आमच्या घरात सण होता. आण्णा बोलायचे, आणि काय बोलायचे! "कांचन, दमली असशील." "पद्मजा, तुझं बरोबर आहे." आयुष्यात मला कधी बरोबर न म्हणालेला माणूस. आई म्हणायची, "झटका येऊन सुधारले गं तुझे वडील," आणि तोंडाला पदर लावून हसायची. बोलून बोलून तिचं सगळं रिकामं झालं. माझ्या जन्माच्या वर्षी ती आण्णांना सोडून माहेरी जाऊन राहिली होती, परत यायचं नाही असं ठरवून. हे मला सत्तेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. तिनं ते त्यांना सांगितलं, माझ्यासमोर. का गेले होते, कशी परत आले, सगळं. म्हणाली, "तुम्ही त्यावर कधी एक शब्द काढला नाहीत. राग आहे का मनात?"

आवाज म्हणाला, "झालं गेलं. मी केव्हाच माफ केलं."

त्या दिवशी आई घरी गेली तेव्हा तिची चाल हलकी झाली होती. मला नीट आठवतं.

मग खरखर वाढायला लागली. बाजूला टाकलेला तो सगळा गोंगाट मेंदूत साठत नाही, पण ज्या जखमी भागातून तो येत होता तो भाग तापत होता. महिन्याभरात आण्णांना तीन फिट आल्या. डॉ. बारगीरांनी उपाय सुचवला: त्या भागाला बारीक चटके देऊन तो कायमचा शांत करायचा. बोलणं सगळं सेतूवरून चालूच राहील, खरखर तेवढी जाईल. पण रोगी बोलू शकतो, तर त्याची संमती पाहिजे.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती उभे राहिलो. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "मगदूम साहेब, करू या ना?"

"करून टाका," आवाज म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

आईनं सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. त्याच दिवशी खरखर दुप्पट झाली आणि डॉक्टर घाबरले. पुढच्या महिन्यातलं ऑपरेशन त्यांनी ओढून येत्या गुरुवारी सकाळी नऊवर आणलं.

आणि बुधवारी दुपारी दोन वाजता ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या समितीचा निरोप आला. ऑपरेशनच्या फायलीत सांध्यांच्या नोंदींचा उतारा लागतो, फिल्टर चालू असल्याचा, आजच्या तारखेचा.

मी स्वतःलाच समजावलं, पाच मिनिटांचं तर काम आहे. चालू करायचा, उतारा काढायचा, बंद करायचा. बघा, परत तेच. माणूस काही शिकत नाही.

आई खाटेशेजारी शेंगा फोडत बसली होती. बोलणं चालूच होतं.

"उद्या घाबरायचं नाही हं," ती म्हणाली.

"नाही घाबरत," आवाज म्हणाला. "तू आहेस ना."

"मी दारातच बसणार. हलणारसुद्धा नाही."

मी फिल्टर चालू केला.

आई काहीतरी बोलली. उत्तर नाही. पुन्हा बोलली, जरा मोठ्यानं. उत्तर नाही. "अहो?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "काय केलंस गं? कशाला हात लावलास?"

"काही नाही. एक मिनिट."

मी बंद केला. "मी ठीक आहे," आवाज लगेच म्हणाला. चालू केला. गप्प. बंद केला. "काळजी करू नकोस, कांचन." चालू केला. गप्प. असं मी सहा वेळा केलं. कारण असं एकदा होणं म्हणजे बिघाड असतो, पण सहाच्या सहा वेळा होतं तेव्हा ते दुसरंच काहीतरी असतं.

मग मी नोंदी उघडल्या. आठ महिन्यांत स्पीकरला गेलेलं प्रत्येक वाक्य, आणि त्याच्यापुढं त्याचा टॅग. चाळीस. चाळीस. चाळीस. खाली जाते, खाली जाते, चाळीसच. एक वाक्य बिनटॅगचं नाही. अहो, एक शब्द नाही!

मी अकराव्या दिवसाच्या पहिल्या वाक्यावर गेले. तीन वाजून सात मिनिटं, 'चहा घेतलास का?' टॅग चाळीस. कुठून आलं ते शोधलं. तीन वाजून दोन मिनिटांनी खोलीतल्या माईकनं ऐकलेलं वाक्य होतं, 'आई, चहा घेतलास का?' बोलणारी मी.

ज्या वाक्यावर आम्ही ढसाढसा रडलो ते माझं होतं. मी आईला विचारलेलं. यंत्रानं ते कानामागून आण्णांच्या डोक्यात घातलं, डोक्यानं ते नुसतं पुढं ढकललं, आणि कपाळातून ते त्यांचं म्हणून बाहेर आलं. आण्णांच्या त्या पाच गाड्या! आठ महिने आम्ही आमच्याच बातम्या ऐकत होतो आणि आनंदानं नाचत होतो.

मला उलटी आली. खरोखर. बेसिनपर्यंत पोचले तेवढंच.

डॉ. बारगीर आले तेव्हा आई भिंतीला टेकून उभी होती. मी सगळं सांगितलं. फिल्टर कधी बंद केला, का केला, परत चालू का केला नाही. लपवायला आता काय उरलं होतं? डॉक्टरांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"म्हणजे संमती..." ते म्हणाले.

"त्यांनी दिलीच नाही. तुम्ही म्हणालात 'करू या ना', त्याचंच 'करून टाका' झालं."

"आणि आठ महिन्यांचं बोलणं?"

"आमचंच."

"पद्मजाताई, मला स्पष्ट सांगा. आत कुणी आहे की नाही?"

"मला माहीत नाही," मी ओरडलेच. "मला माहीत असतं तर मी इथं अशी उभी राहिले असते का?"

आई भिंत सोडून पुढं आली आणि तिनं माझा दंड धरला. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "ते बटण बंद कर," ती म्हणाली. "होतं तसं कर."

"आई, ते आण्णा नाहीत गं."

"असू देत नसले तर! माझ्याशी बोलत होते ना? पन्नास वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते ऐकत होते मी. तुझं काय जात होतं? तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? बंद कर म्हणते ना!"

मी तिचा हात सोडवला. तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर हळूच म्हणाले, "संमती गेली, ते समितीला मी सांगेन, दोष माझाही आहे. पण उद्याचं काय करायचं? ती खरखर थांबवली नाही तर पुढची फिट त्यांना घेऊन जाईल. आत कुणी नसेल, तर निदान शरीराचा त्रास तरी कमी करू. जखमेचा नुसता आवाज आहे तो."

बरोबर होतं त्यांचं. मी मान हलवलीसुद्धा. त्यांना दाखवायला म्हणून खरखरीचा आलेख उघडला, शुक्रवारचा, जिथं ती दुप्पट झाली तो. आणि पहिल्यांदाच मी वेळ बघितली.

अकरा वाजून वीस मिनिटं.

"डॉक्टर, शुक्रवारी तुम्ही आण्णांना विचारलं ते किती वाजता?"

"राऊंडनंतर. सव्वाअकरा वगैरे."

नोंद होती. 'करून टाका', अकरा वाजून वीस. त्यानंतर अर्ध्या सेकंदानं खरखर उसळली आणि मग खाली आलीच नाही. मी मागं गेले. 'झालं गेलं, मी केव्हाच माफ केलं.' अर्ध्या सेकंदानं खरखर. 'तुझं बरोबर आहे.' खरखर. 'चहा घेतलास का?' खरखर. आवाज बोलला की खरखर, प्रत्येक वेळी, आणि आवाज गप्प असताना जवळजवळ काही नाही. आठ महिने.

"डॉक्टर," मी म्हटलं. "जखम ऐकते का हो?"

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं आणि ते आलेखावर वाकले.

तो नियम मी वर सांगितलाय. एका वेळी दोन वाटांनी शब्द आला तर स्वच्छ वाटेचा घ्यायचा, दुसरा खरखर म्हणून टाकायचा. यंत्राच्या अंदाजाची वाट कायम स्वच्छ, ताज्या तारेची. जखमी मेंदूतून धडपडत येणाऱ्या शब्दाची वाट मोडकी. फिल्टर नसला की दोघांची शर्यत लागायची आणि दर वेळी अंदाज जिंकायचा. म्हणजे जर आत कुणी असेल, तर तो जेव्हा जेव्हा तोंड उघडत होता, तेव्हा तेव्हा आम्ही त्याच्या तोंडावर त्याचाच आवाज लावून त्याला गप्प करत होतो. आणि उद्या सकाळी नऊ वाजता आम्ही तो भाग जाळणार होतो.

"फिल्टर चालू राहू दे," डॉक्टर म्हणाले. "अजिबात हात लावू नका."

"लगेच काही येणार नाही. अंदाजाच्या वाटा सुकायला, नव्या जमायला वेळ लागतो. पाऊण तास, तास. आणि स्पीकर किती बारीक आवाज घेतो ती पातळी खाली आणावी लागेल. इतका बारीक आवाज तो आत घेतच नाही."

"आणा."

मी पातळी तळाला आणली. मग आम्ही बसलो. मोठमोठ्या बँकांची नेटवर्कं पडलेली मी उभी केलीयेत, पण असं बसणं आयुष्यात बसले नाही. स्पीकरमधून नुसता वाळूसारखा आवाज येत होता. आईनं आमच्याकडं पाठच केली होती. चार वाजले. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मनात एकच चालू होतं: नसू देत. देवा, आत कुणी नसू दे. कारण असले, तर आठ महिने... मला पुढचा विचार करवेना. स्वतःचा बाप आत नसावा अशी प्रार्थना करणारी पोरगी बघितलीय का कुणी? मी केली.

चार वाजून अठरा मिनिटांनी वाळूत काहीतरी हललं.

"...लो."

डॉक्टर उठून उभे राहिले.

"...ही... लो."

मी पडद्यावर बघितलं. टॅगच्या रकान्यात काही नव्हतं. रिकामा. आठ महिन्यांत पहिल्यांदा रिकामा.

"मी... नाही... बोललो."

आण्णांचाच आवाज, पण फाटलेला, घासटणारा, एकेक अक्षर खणून काढल्यासारखा.

"मी नाही बोललो. मी नाही बोललो. नको. मी नाही... नको."

"मगदूम साहेब," डॉक्टर वाकून म्हणाले, "तुम्हाला माझं ऐकू येतंय?"

वाळू. मग, "सग...ळं."

"उद्याचं ऑपरेशन..."

"नको!" स्पीकर फुटेल असा तो शब्द आला. "माझं... नको... जाळू."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं फोन लावला. उद्याचं नऊचं रद्द, त्यांनी सांगितलं, कारण विचारू नका, रद्द म्हणजे रद्द. मग फोन खिशात ठेवायला त्यांना दोनदा खिसा सापडला नाही.

मी बाजूला टाकलेली जुनी खरखर उघडली. उघडायला नको होती. आता वाटा जमल्या होत्या, तर यंत्राला ती वाचता येत होती. पहिल्या दिवशी, फिल्टर बंद करायच्या आधी, नऊ वाजता: 'अगं.' पुन्हा 'अगं.' आण्णांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही, लोकांसमोर नाही आणि घरातही नाही. कायम 'अगं.' दहाही दिवस तेच होतं, अगं, अगं, पण इतकं बारीक की पातळीनं आत घेतलं नव्हतं. अकराव्या दिवशी मी फिल्टरला हात लावला नसता, नुसती पातळी खाली आणली असती तर...

त्यानंतर खाली सगळीकडं एकच होतं. 'मी नाही बोललो.' यंत्रानं मोजून आकडा दिला होता, पण तो मी इथं सांगणार नाही. तो मला एकटीला पुरतो.

"आण्णा," मी म्हटलं. पुढं काय म्हणायचं? मी केलं हो हे. तात्पुरतं म्हणून केलं. "आण्णा, मी पद्मजा. चूक माझी आहे. सगळी माझी आहे."

मग आलं, "गा...ढव."

मी हसले की रडले मला माहीत नाही. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आई खिडकीशी तशीच उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं, पण वळली नव्हती. आता वळली. चेहरा असा झाला होता की मी तिला धरायला उठले. तिनं हातानं मला बस म्हटलं. शेंगांची टरफलं तुडवत ती खाटेपाशी आली. आण्णांचे डोळे नेहमीसारखेच उघडे होते, छताकडं. तिनं वाकून त्या डोळ्यांत बघितलं. मला कळलं तिच्या मनात काय चाललंय. माहेरी गेलेली गोष्ट, मनातलं सगळं, जे सत्तेचाळीस वर्षं पोटात ठेवलं ते तिनं ओतून टाकलं होतं, आणि माफी मिळाली म्हणून हलकी होऊन घरी गेली होती. ती माफी एका तारेनं दिली होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की माईकनं तो टिपला की नाही अशी मला शंका आली. "तुम्ही बोलत नव्हता. खरंय ना ते?"

"नव्ह...तो."

"मग आठ महिने मी माझं सगळं बोलले, ते कुणाशी हो? कुणाशी बोलत होते मी?"

स्पीकरमध्ये वाळू घासत राहिली. पडद्यावर रकाना रिकामा होता, टॅग नव्हता. आईनं खाटेचा कठडा घट्ट पकडला.

"माझ्याशी," आण्णा म्हणाले.